लेबल चाळीस, टेप वेगळंच सांगते: तयार कपड्यांच्या मापाचा घोळ

समस्या अशी. सांगलीत कापड पेठेत ४० नंबरचा शर्ट घातला तर तो खांद्यावरून उतरतो. तिथून मारुती रोडला येऊन दुसऱ्या दुकानात ४०च मागितला तर बगलेत आवळतो. विश्रामबागच्या शोरूममधला तिसरा ४० छातीला बरोबर, पण कॉलरचं बटण लागत नाही. माणूस तोच, दिवस तोच. दर दिवाळीला आणि दर लग्नसराईला हेच चालतं, आणि शेवटी दोष पोटाला. पोटाला बोल लावण्याआधी लेबलवरचा तो आकडा नेमका कशाचा आहे ते बघा.

चाळीस म्हणजे कशाचे चाळीस?

आपल्याकडे पुरुषांच्या शर्टावर दोन वेगळ्या मोजण्या एकाच दिसण्याच्या आकड्यांत लिहितात. कॅज्युअल शर्ट, टी-शर्ट, कुर्ता यांवरचा ३८, ४०, ४२ हा छातीचा घेर, इंचांत. ऑफिसला घालायच्या फॉर्मल शर्टावरचा ३८, ३९, ४०, ४२, ४४ हा बहुतेक वेळा कॉलरचा घेर, सेंटिमीटरमध्ये. ४० सेंटिमीटर म्हणजे पावणेसोळा इंचांची कॉलर. त्या शर्टाची छाती किती, हे तो आकडा सांगतच नाही. कंपनीनुसार आणि स्लिम की रेग्युलर त्यानुसार ती ४२ इंच असेल नाहीतर ४५ही.

ओळखायची सोपी खूण म्हणजे ३९. इंचांतली छाती दोनदोनने चढते, ३६, ३८, ४०. त्या कंपनीच्या रॅकवर कुठेही ३९ दिसला तर आकडे कॉलरचे समजा. दुसरी खूण टॅगवर असते. वैधमापन शास्त्र (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ नुसार सुट्या विकल्या जाणाऱ्या तयार कपड्यांवरही एस-एम-एलच्या जोडीला मेट्रिक माप हवं. तो बारीक आकडा कुणी वाचत नाही, पण कामाचा तोच आहे. ४० च्या शेजारी १००-१०२ सेंमी असेल तर छाती, ४० सेंमीच असेल तर कॉलर. जीन्सच्या ३२ शेजारी ८१ सेंमी असतं, म्हणजे कंबर.

बायकांच्या कुर्तीत हाच गोंधळ दुसऱ्या वाटेने येतो. तक्त्यात लिहिलेलं असतं, ‘एम – ३८’. हे ३८ अंगाचं की कपड्याचं? अंगाचं असेल तर ३८ छातीच्या बाईसाठी ती कुर्ती शिवली आहे आणि कुर्तीचा स्वतःचा घेर ४० ते ४१ निघेल. कपड्याचं असेल तर ती कुर्ती ३५-३६ छातीची आहे. म्हणजे लिहिलेलं तेच आणि फरक पुऱ्या एका साइजचा, कधी त्याहून जास्त. ऑनलाइन तक्त्यावर ‘बॉडी मेझरमेंट’ आणि ‘गारमेंट मेझरमेंट’ असे दोन रकाने असले तर नीट वाचा. एकच रकाना असेल आणि वर काही लिहिलं नसेल, तर तो तक्ता नसल्यातच जमा.

अंग आणि कपडा यांत किती मोकळीक हवी, याचा साधारण हिशेब असा. न ताणणाऱ्या कापडाच्या शर्टाला छातीत ४ ते ६ इंच, स्लिम असेल तर ३. सुती कुर्तीला २ ते ३. टी-शर्टला २ ते ४. साडीवरच्या ब्लाउजला जेमतेम १ ते २. लेगिंग्ज अंगापेक्षा लहानच असतात, ताणून बसतात, म्हणून त्या टेपने मोजायच्या फंदात पडू नका.

अंग मोजू नका, अंगाला बसलेला कपडा मोजा

खरा इलाज हाच. कपाटातला जो शर्ट सगळ्यात बरा बसतो तो काढा, धुतलेला आणि इस्त्री केलेला. गादीवर नाही, टेबलावर किंवा फरशीवर पसरा. सगळी बटणं लावा. पाठीला मध्यभागी प्लीट असेल तर ती मिटलेलीच राहू द्या; ती उघडली तर दीड-दोन इंच फुकटचे वाढतात. हाताने सपाट करा, पण ओढू नका.

आता बगलेची शिवण जिथे संपते तिथून एक इंच खाली टेप आडवी धरा, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. समजा २२ आले. दुप्पट केले की ४४, हा शर्टाचा छातीचा घेर. मग शर्ट उलटा करून शोल्डर मोजा, एका बाहीच्या शिवणीपासून दुसऱ्या शिवणीपर्यंत, सरळ. बाही शोल्डरच्या शिवणीपासून कफच्या टोकापर्यंत. उंची मागून मोजू नका. कॉलरला चिकटून खांद्याचा जो सगळ्यात उंच बिंदू असतो तिथून समोर खालपर्यंत मोजा. कॉलर उघडून, बटणाच्या मध्यापासून काजाच्या पुढच्या टोकापर्यंत. मोबाइलच्या नोंदीत असं लिहून ठेवा: ‘शर्ट, सपाट: छाती २२, शोल्डर १८, बाही २५, उंची साडेएकोणतीस, कॉलर पावणेसोळा.’ घरातल्या प्रत्येकाची अशी एक ओळ पुरते.

पँट मोजताना पुढचा आणि मागचा पट्टा एकमेकांवर बसवा, मग कंबर. सीट म्हणजे चेनच्या तळाच्या रेषेत आडवं माप. मांडी आसनाच्या चौकापासून, म्हणजे दोन्ही पायांच्या शिवणी जिथे जुळतात तिथून, एक इंच खाली. आसन, म्हणजे चौकापासून पुढच्या पट्ट्याच्या वरच्या कडेपर्यंतची उंची, हे माप कुणी घेत नाही आणि पँटचा निम्मा त्रास त्यातच असतो. शेवटी आतली उंची आणि मोरी, म्हणजे पायाच्या तळाचं तोंड.

टेपचंही जरा बघा. शिवणयंत्राच्या खणात वर्षानुवर्षं पडलेली कापडी टेप ताणली जाते. शाळेच्या ३० सेंमी पट्टीला लावा. १२ इंच म्हणजे साडेतीस सेंटिमीटर. त्यात दोन रेघांचा फरक आला तर टेप बदला, वीस-पंचवीस रुपयांचं काम आहे. सपाट मापात अर्ध्या इंचाची चूक घेरात पूर्ण इंच होते, आणि साइज-साइजमध्ये फरकच मुळी दोन इंचांचा असतो.

दुकानात काउंटरवर टेप काढायला लाजायचं कारण नाही. ज्या दुकानदाराला कापडातलं कळतं तो स्वतःच त्याची टेप पुढे करतो. बाकीच्यांचं ‘साहेब, बसतोय की’ ऐकून घ्या आणि मोजा.

एकाच गठ्ठ्यातले दोन पीस वेगळे का?

कारखान्यात कापडाचे अनेक थर एकावर एक अंथरून एकदम कापतात. उभं पातं जरासं कललं तरी वरच्या थराचा आणि तळच्या थराचा तुकडा सारखा राहत नाही. पुढे शिवणारा हात. दोन्ही बाजूंच्या शिवणीत कुणी पाव इंच कापड जास्त दाबलं, तर पुढच्या भागातून पाव आणि पाठीतून पाव, म्हणजे एका बाजूला अर्धा इंच, दोन्ही मिळून घेरात पूर्ण एक इंच गेला. तपासणीत अर्धा इंच कमी-जास्त चालवून घेतात. तेव्हा एक पीस अर्धा कमी आणि दुसरा अर्धा जास्त निघाला तर दोन्ही पास, आणि दोघांत इंचभराचा फरक.

जीन्समध्ये याच्यावर धुलाईची भर पडते. शिवून झाल्यावर कारखान्यात ती धुतात, घासतात, रंग उतरवतात. फिकी केलेली जीन्स आणि न धुतलेली गडद जीन्स एकाच नमुन्याची असली तरी आटणं वेगळं होतं. काळी ३२ बसली म्हणून तिच्याच जोडीची फिकी निळी ३२ न घालता घेऊ नका.

यावरून दुकानात पाळायचा नियम: जो पीस अंगात घालून बघितला, तोच घ्यायचा. ‘हा हाताळलेला आहे, माळ्यावरून नवा पॅक काढून देतो’ म्हणाले तर नवा उघडून पुन्हा घाला. हाताळलेला एका धुण्यात साफ होतो. माप साफ होत नाही.

एक्स्पोर्ट सरप्लसच्या, म्हणजे निर्यातीतून उरलेल्या कपड्यांच्या, ढिगातला माल वेगळाच. तिथे लेबल अर्धं कापलेलं असतं, आकडा अमेरिकी की ब्रिटिश की युरोपी ते कळायला मार्ग नसतो. बायकांचा ब्रिटिश १० हा साधारण युरोपी ३८ आणि अमेरिकी ६. तिथे आकडा बघूच नका, नुसती टेप. शिवाय तो माल कुठल्यातरी तपासणीत नापास झालेलाही असू शकतो, आणि नापास होण्याचं एक नेहमीचं कारण मापच असतं.

घालून बघताना चुण्या वाचा

ट्रायल रूममधला आरसा फसवतो, चुण्या सहसा फसवत नाहीत. आडव्या ओढल्यासारख्या रेघा दिसल्या की तिथे कापड कमी आहे. उभा लोंबता झोळ असेल तर तिथे जास्त आहे. तिरकी रेघ असेल तर तिच्या टोकाकडे बघा, दोष सहसा त्या टोकाला असतो. छातीच्या बटणापासून दोन्हीकडे रेघा फाकल्या तर छाती कमी. बगलेतून मानेकडे तिरकी रेघ गेली तर खांद्याचा उतार जुळत नाही, आणि तो शर्ट कितीही आवडला तरी ठेवून द्या.

शोल्डरची शिवण खांद्याच्या हाडाच्या टोकावर यायला हवी. पाव इंच इकडेतिकडे चालतं. ‘ओव्हरसाइज्ड’ लिहिलेल्या कपड्यात ती मुद्दाम खाली उतरवलेली असते, म्हणून त्यावरून स्वतःची साइज ठरवू नका. शर्टाची सगळी बटणं लावून दोन्ही हात बाइकच्या हँडलवर ठेवल्यासारखे पुढे करा. पाठीत ताण आला किंवा कफ दोन इंचांहून जास्त मागे सरकला तर पाठ किंवा मुंढा (बाही जिथे जोडतात तो बगलेचा गोल काप) कमी आहे. कुर्ती घालून एसटीचा दांडा धरल्यासारखा हात वर करा. सगळी कुर्ती हाताबरोबर वर चढली तर मुंढा फार खोल कापलेला आहे. बऱ्याच जणी यावर एक साइज मोठी मागतात, तिथेच चुकतं: मोठ्या साइजचा मुंढा आणखी खोल असतो, त्रास वाढतो.

पँट घालून नुसतं उभं राहून चालत नाही. स्टुलावर बसा, मग जमिनीवर मांडी घालून बसा. आपल्याकडे पूजेला आणि पंगतीला बसायचं असतं, आणि पँट उसवते ती तिथेच. बाजूचे खिसे कानासारखे फाकले तर सीट कमी. बसल्यावर मागचा पट्टा दोन इंच खाली घसरला तर मागचं आसन कमी. दोन्हींवर उपाय कंबर वाढवणं हा नाही.

कंबरेच्या आकड्यात आणखी एक लबाडी असते. ३४ लिहिलेल्या पँटचा पट्टा मोजला तर कधी ३५, कधी ३६ भरतो. गिऱ्हाइकाला ‘अजून चौतीसच’ वाटावं म्हणून तो मुद्दाम वाढवलेला असतो. कमी आसनाच्या पँटचा पट्टा तर बेंबीखाली बराच खाली बसतो, तिथे अंगाचा घेरच जास्त. त्यामुळे जुन्या उंच आसनाच्या पँटचा ३४ आणि आजच्या जीन्सचा ३४ यांची तुलना होत नाही.

काय अल्टर होतं, काय होत नाही

पूर्ण जुळणारा कपडा मिळाला नाही, तर घ्यायचा कोणता? जे माप टेलर बदलू शकत नाही ते जिथे बरोबर आहे, तो. शर्ट आणि कुर्तीत शोल्डर आणि मुंढ्यावरून निवडा, पँटमध्ये सीट आणि आसनावरून. बाकीचं कमी करता येतं.

शर्टाच्या बाजू प्रत्येकी पाऊण इंच आत घेतल्या तर घेर तीन इंचांनी कमी होतो आणि अंगावर कळतही नाही. त्यापुढे गेलं की मुंढा ओढतो. बाही कफकडून इंचभर कमी करता येते; जास्त केली तर मनगटाची पट्टी तोकडी दिसते आणि मग वरून, शोल्डरकडून बाही काढून बसवावी लागते. ते चांगल्या कारागिराचंच काम. उंची कुणीही कमी करून देतं. कॉलर मात्र वाढत नाही. फार तर बटण पाव इंच सरकवता येतं. कुर्तीच्या बाजू आत घेताना साइड कट कुठून सुरू होतो ते आधी बघायला सांगा, नाहीतर कटाच्या तोंडाशी कापडाला पिळा पडतो.

वाढवायचं असेल तर प्रश्न एकच: आत माया, म्हणजे शिवणीत दाबून ठेवलेलं जादा कापड, किती आहे? कपडा उलटा करून बघा, अर्धा मिनिट लागतो. फॉर्मल पँटच्या मागच्या शिवणीत बहुधा एक-दीड इंच माया असते, तेवढी कंबर सुटते. कमी करायची तर दोन इंचांपर्यंत; पुढे गेलं की मागचे दोन खिसे एकमेकांना भेटायला येतात. जीन्सच्या शिवणी दुमडून दुहेरी टीप मारलेल्या असतात, तिथे माया नसते, सोडायचं नाव काढू नका. तयार ब्लाउजमध्ये बाजूला दोन-तीन टिपा मारलेल्या दिसतात, त्या एकेक उसवत गेलं की ३४ चा ३६, ३६ चा ३८ होतो. रेशमी किंवा टिश्यूच्या ब्लाउजला जुन्या टिपेची भोकं दिसत राहतात, तिथे आधीच मोठा घ्या आणि आत टीप मारा.

ज्यांची अंगयष्टी तयार मापात बसतच नाही, शोल्डर १९ आणि कंबर ३२, किंवा छाती ४४ आणि उंची पाच फूट, त्यांनी पन्नास शर्ट घालून बघण्यात रविवार घालवू नये. ५८ इंच पन्ह्याचं (रुंदीचं) १ मीटर ६० सेंटिमीटर कापड पूर्ण बाहीच्या शर्टाला पुरतं, ३६ पन्हा असेल तर सव्वादोन मीटर. पँटला ५८ पन्ह्याचं सव्वा मीटर. उंच किंवा जाड अंगाला थोडं जास्त. इचलकरंजी, माधवनगर, विटा असा मागाचा पट्टा आजूबाजूला असताना कापडाची वानवा नाही. नमुना म्हणून बसणारा शर्टच टेलरकडे द्या.

आधी पाणी, मग टेलर

दुकानात बसला, पहिल्या धुण्यात आवळला, ही तक्रार सुती कपड्यांची. मागावर ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, खळ लावून ते ओढून विणतात. पाण्यात खळ निघते, ताण सुटतो आणि कापड मूळ जागी येतं. ४४ इंच उंचीची सुती कुर्ती ४ टक्के आटली तर पावणेदोन इंच गेले. सुती होजिअरीचा टी-शर्ट ५ टक्के सहज आटतो, म्हणजे २८ उंचीत जवळजवळ दीड इंच. टी-शर्ट उंचीला आटून रुंदीला फाकतो, म्हणून आखूड आणि ढगळ असा दोन्हीकडून जातो. रेयॉन ओलं असताना लोंबतं आणि वाळल्यावर आखडतं. ते दोरीवर टांगण्यापेक्षा आडवं वाळवलेलं बरं. पॉलिएस्टर जवळजवळ आटत नाही. लेबलवर ‘प्रीश्रंक’ किंवा ‘सॅनफोराइज्ड’, म्हणजे आधीच आटवलेलं, असेल तर आटणं बरंच कमी.

म्हणून सुती कपडा अल्टरला टाकण्याआधी एकदा साध्या पाण्यातून काढून वाळवा. बदलून घ्यायची मुदत चालू असेल तर मात्र धुऊ नका, टॅग काढू नका.

मुलांच्या कपड्यांवर वय लिहिलेलं असतं. ते वाचू नका, उंची वाचा. ११६ सेंमी म्हणजे साधारण सहा वर्षांचं माप, १२८ म्हणजे आठ, १४० म्हणजे दहा. जूनमध्ये गणवेश घेताना पँटच्या मोरीला आत दोन इंच दुमड आणि कंबरेला बटणाचं इलॅस्टिक आहे का एवढं बघितलं तरी वर्ष निघतं. शोल्डर मात्र मोठा घेऊ नका, पोर वर्षभर खांदे उचलत बसतं.

बदलून मिळेल का?

माप न जुळणं हा कायद्याच्या भाषेत मालातला दोष नाही. त्यामुळे बिल करतानाच विचारा आणि ‘साइज बदलून मिळेल, ७ दिवस’ असं बिलावरच लिहून घ्या. तोंडी ‘आणा की हो’ला सणाच्या गर्दीत अर्थ राहत नाही. लेबलवर लिहिलेलं माप आणि प्रत्यक्ष माप यांतच मोठी तफावत असेल, तर बाजू वेगळी. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे; बिलावर मुदत नसेल तर ३० दिवस धरतात. ऑनलाइन खरेदीत वर्णनाप्रमाणे नसलेला माल परत घ्यायला विक्रेता नाही म्हणू शकत नाही, हे २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत आहे. कपडा सपाट ठेवून, त्यावर टेप लावून, लेबल आणि आकडा एकाच फोटोत येईल असा फोटो काढा. तक्रार १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवता येते.

सगळ्या कंपन्यांचा तक्ता एकच का नाही, हा प्रश्न रास्त आहे. इथले तक्ते बराच काळ परदेशी मापांत थोडा फेरफार करून वापरले गेले. भारतीय अंगाची मापं घ्यायला निफ्ट या राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने ‘इंडियासाइज’ हे सर्वेक्षण हाती घेतलं, त्रिमितीय स्कॅनरने, सहा शहरांत, १५ ते ६५ वयाच्या २५ हजारांहून अधिक लोकांचं उद्दिष्ट ठेवून. पण तक्ता आला तरी शिवणीतला पाव इंच शिवणाऱ्याच्या हातातच राहणार.

टेलरकडे कपडा टाकताना ‘जरा फिटिंग करा’ म्हणू नका. अंगात घालून टाचण्या लावून घ्या किंवा खडूने खूण करवून घ्या, पँट असेल तर जे बूट घालणार तेच पायात ठेवून. चिठ्ठीवर लिहून द्या: ‘बाजू पाऊण इंच आत, उंची तशीच, आतलं कापड कापू नये.’ शेवटचे चार शब्द विसरलात तर माया ओव्हरलॉकच्या (कापडाची कड कापून बांधणाऱ्या यंत्राच्या) पात्याखाली जाते आणि पुढच्या वर्षी सोडायला काही उरत नाही.